डोकं अजिबात न दुखलेले दिवस

"महिन्यातले किती दिवस डोकं अजिबात दुखत नाही?"

न्यूरोलॉजिस्ट बाईंनी हे विचारलं तेव्हा माझं उत्तर तयार होतं, पण वेगळ्याच प्रश्नाचं. किती दिवस दुखतं, कुठे दुखतं, कसं दुखतं, सगळं मी फोनमध्ये टिपून नेलं होतं. न दुखणारे दिवस कोण मोजतं? "आठ-दहा असतील," मी म्हणाले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अजिबात म्हणजे अजिबात हं. जरासं जड आहे, भरल्यासारखं वाटतंय, असंही नाही." मी आठवत बसले. गेल्या पंधरा दिवसांत असा एक दिवस सापडेना. त्याआधीच्या पंधरा दिवसांतही सापडेना. आणि का कोण जाणे, इतक्या साध्या प्रश्नावर मला रडू फुटलं. बाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, तोही अशा सवयीने की त्यांच्याकडे हे रोजचंच असावं.

मी तेव्हा 24 वर्षांची होते. डोकेदुखी मात्र एकोणिसाव्या वर्षापासूनची.

सुरुवातीला ती नुसती अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, होती. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. आदल्या संध्याकाळी जांभयांवर जांभया, मान आखडलेली, उगाच चिडचिड. दुसऱ्या दिवशी डाव्या डोळ्यामागे कुणीतरी आतून अंगठा दाबतंय असं सुरू व्हायचं आणि तासाभरात नाडीच्या तालावर ठणकायला लागायचं. जिना चढला की ठणका वाढायचा, वाकलं की वाढायचा. उजेड नको, आवाज नको, वर मळमळ. मी न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडायचे, कारण घरात गार आणि अंधारी अशी तेवढीच जागा होती. मायग्रेनचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. माझा बहुतेकदा एका दिवसात आटपायचा. नंतरचा दिवस पिळून टाकलेल्या फडक्यासारखा जायचा, पण तो सरला की मी ठणठणीत. तेव्हाच्या दुखण्याला शेवट असायचा, एवढं मला आज त्याच्याबद्दल चांगलं बोलता येतं.

त्या वर्षांत मी चष्मा लावून पाहिला (पाव नंबर निघाला), सायनस म्हणून वाफारे घेतले, अँटिबायोटिकचा कोर्सही केला. नाक गळतंय, डोळ्यातून पाणी येतंय, गाल दुखतोय म्हणजे सायनसच, हे मलाही पटलं होतं. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूतून, ट्रायजेमिनलमधून जाते, त्यामुळे अर्धशिशीतही नाक-डोळे वाहू शकतात, हे फार उशिरा कळलं. सायनसच्या नावावर उपचार घेणाऱ्या पुष्कळांचं दुखणं मुळात अर्धशिशीचंच असतं. असो. त्या पाव नंबराचा चष्मा अजून आहे माझ्याकडे.

तेविसाव्या वर्षी दुखणं पालटलं. ठणका कमी झाला, पण दुखणं जाईना. सकाळी डोळे उघडल्यापासून कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटायचं आणि त्या रोजच्या सपाट दुखण्यावर मधूनच अर्धशिशीचा डोंगर उभा राहायचा. माझं काम ध्वनिसंपादनाचं. लोक बोलतात, मी कानाला हेडफोन लावून त्यांचं खाकरणं, अडखळणं, मोठमोठे श्वास आणि नको तितक्या लांबलेल्या शांतता कापून टाकते. डोकं उठलेलं असताना कुणाच्या तरी ओठांची चुटचुट कानात ऐकत बसणं काय असतं ते विचारू नका.

याच वर्षात आणखी एक गोष्ट होत होती, जिला मी नावच दिलं नव्हतं. उदास म्हणावं तर तसं नव्हतं. रडू येत नव्हतं, रुसवा नव्हता. कशाचं काही वाटेनासं झालं होतं. पहाटे चारला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहायचे. मैत्रिणींच्या मेसेजला उत्तर द्यायचं राहून जायचं, मग इतके दिवस उलटायचे की द्यायची लाज वाटायची. साधे केस धुवायचे तर त्याची तयारी मनातल्या मनात दोन दिवस चालायची. आता केसांचंच बघा. दुखणं चढलेलं असताना माझी टाळू इतकी हुळहुळी व्हायची की कंगवा फिरवला तरी डोळ्यात पाणी यायचं. हे अर्धशिशीत होतं, त्वचेला साधा स्पर्शही दुखरा लागतो. म्हणजे केस न धुण्याचं एक कारण खरंच डोक्याचं होतं. दुसरं कारण, धुऊन तरी काय करायचंय, हे होतं. दोन्ही कारणांनी केस सारखेच मळकट राहायचे.

या सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं: डोकं दुखतंय. फार सोयीचं उत्तर. "डोकं दुखतंय" म्हटलं की समोरचा म्हणतो, "अरेरे, पड जरा." "मला काही करावंसंच वाटत नाही" म्हटलं की समोरचा विचारतो, "का? काय झालं?" आणि झालेलं तर काहीच नसतं. खरं सांगते, काही दिवस डोकं नुसतंच जड असायचं, काम सहज झालं असतं, तरी मी कामावर आणि मैत्रिणींना तेच सांगून टाकलं. मग दिवसभर त्याचं वाईट वाटत राहायचं, आणि संध्याकाळपर्यंत डोकं खरोखरच चढायचं. शिक्षा मिळाल्यासारखं.

डॉक्टरांकडे जायला मात्र ना डोकं कारणीभूत झालं ना मन. ताई माझ्या टेबलाच्या खणात चार्जर शोधत होती, तिला गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा मिळाल्या. तिने त्या पलंगावर एकीशेजारी एक मांडल्या आणि फुटलेले कप्पे मोजले. एकतीस.

"अगं, किती दिवसांतल्या या?"

"तीनेक आठवडे."

ताई काही बोलली नाही. तिने स्ट्रिपांना रबर लावलं आणि दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली. तो रबर लावलेला गठ्ठा तिने न्यूरोलॉजिस्टच्या टेबलावर ठेवला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाई मात्र त्या गठ्ठ्याला बघून खूश झाल्यासारख्या दिसल्या. एक तरी आकडा पक्का मिळाला. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्याच डोकेदुखी पोसायला लागतात. माझी गोळी एकत्रवाली होती. मी वर्षभर आग विझवायला जे ओतत होते त्यात निम्मं रॉकेल होतं.

मग तपासणी झाली. डोळ्यात प्रकाश टाकून आतला पडदा बघितला, गुडघ्यावर हातोडी, एका रेषेत टाचेला पाऊल लावून चालणं, डोळे मिटून नाकाला बोट. मी एमआरआयचा आग्रह धरला. मला, लाज वाटते सांगायला, त्यात काहीतरी निघायला हवं होतं. ट्यूमर नको, पण काहीतरी, दाखवता येईल असं. बाई म्हणाल्या, अचानक क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि ताठलेली मान, हात-पाय किंवा वाचा जाणं, फिट, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, अशी काही खूण असती तर आजच पाठवलं असतं. "तुमच्यात यातलं काही नाही. फोटो स्वच्छ येईल आणि मग तुम्हाला वाटेल, आपलं दुखणं खोटं आहे." हे त्यांनी कसं ओळखलं कुणास ठाऊक.

त्यांनी आधीची औषधं विचारली. सहा-सात महिन्यांपूर्वी एका डॉक्टरांनी मला रात्री घ्यायची एक गोळी दिली होती, फ्लुनारिझिन. अर्धशिशीचे झटके रोखायला ती दिली जाते आणि माझे झटके कमी झालेही होते. तीन महिन्यांत वजन पाच किलो वाढलं, सकाळी उठवेना, आणि ते कशाचंच काही न वाटणं अधिक घट्ट झालं. बाईंनी विचारलं, "ती देताना मन कसं असतं, झोप कशी आहे, हे विचारलं होतं?" नव्हतं. ज्यांना नैराश्य आहे किंवा आधी येऊन गेलंय, त्यांना हे औषध टाळतात, कारण ते मनाला आणखी खाली ओढू शकतं. माझी घसरण त्याआधीच सुरू झाली होती, त्यामुळे सगळं खापर त्या गोळीवर फोडता येणार नाही. पण दोन मिनिटांच्या एका प्रश्नाने तीन महिने वाचले असते, याचा राग मला अजून आहे.

मग बाईंनी एक कागद दिला. पीएचक्यू-9, नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, शून्य ते तीन गुण. 2001 साली ही प्रश्नावली प्रसिद्ध झाली आणि आता जगभर वापरली जाते. मला वाटलं होतं डोकेदुखीच्या दवाखान्यात हा कागद चुकून आलाय. झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं भराभर भरलं, कारण ते सगळं "डोक्यामुळे" होतं. नवव्या प्रश्नाशी अडले. आपण नसतो तर बरं झालं असतं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का. शून्यावर खूण केली. मग खोडली. एकवर केली. पेनचा दाब इतका होता की खालच्या पानावर वळ उठला.

एकूण सोळा गुण झाले. सत्तावीसपैकी. पंधराच्या पुढे म्हणजे बऱ्यापैकी गंभीर.

बाईंनी नवव्या प्रश्नावर बोट ठेवून सरळ विचारलं. असे विचार कधी येतात, काही ठरवलंय का, कधी प्रयत्न केलाय का. आवाजात काही फरक नाही. जसं मघाशी मळमळ होते का विचारलं होतं, तसंच. मी म्हणाले, ठरवलं काही नाही, पण पहाटे चारला वाटतं की उद्या उठलोच नाही तर बरं. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणासमोर म्हटलं. असं विचारल्याने विचार नसलेल्याच्या डोक्यात तो पेरला जातो ही भीती उगाच असते. मला तर विचारलं म्हणून श्वास घेता आला. विचार ठरवण्यापर्यंत गेला तर थांबायचं नाही, थेट तातडीच्या विभागात यायचं, आणि ताईला आज हे सांगायचं, अशा दोन अटी त्यांनी घातल्या.

मग म्हणाल्या, "मी तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवते आहे."

झालं. माझ्या मनात एकच वाक्य: म्हणजे माझं डोकं खरं दुखतच नाही. मी ते बोलूनही दाखवलं.

"दुखतं, शंभर टक्के दुखतं," त्या म्हणाल्या. "आणि नैराश्यही शंभर टक्के आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. दमा असणाऱ्याचा पाय मोडत नाही का?"

मला विचारायचं होतं ते वेगळंच: आधी काय आलं? डोकं दुखून दुखून मन खचलं, की मन खचलं म्हणून डोकं दुखतंय? त्या म्हणाल्या, दोन्हीकडून रस्ता आहे. अमेरिकेत डेट्रॉइट परिसरात 21 ते 30 वयाच्या तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा केला होता, त्यात अर्धशिशी असणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका जास्त दिसला, आणि नैराश्य असणाऱ्यांना पुढे अर्धशिशी सुरू होण्याचाही. म्हणजे रोज दुखतं म्हणून माणूस कंटाळतो, एवढंच ते नाही. दोन्हींच्या मुळाशी काही सामाईक आहे, थोडं आनुवंशिक, थोडं मेंदूतल्या रसायनांचं. वेदना मेंदूकडे वर जाते तशी मेंदूकडून खाली एक आवरणारी यंत्रणाही काम करत असते, आणि ती सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर चालते. मनःस्थितीशी जोडलेली रसायनंही तीच.

हे मला माझ्या भाषेत कळलं. गेन, म्हणजे येणारा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते प्रमाण, वाढलेला आहे. माइकचा गेन नको तितका चढवला की मुख्य आवाजच मोठा येतो असं नाही. पंख्याची घरघर, वायरची खरखर, खोलीचा गुंजारव, सगळंच वर येतं. आणि माझ्याकडे तो खाली ओढणारं बटणच ढिलं झालं होतं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, दुखतं ते आवरण आणि रक्तवाहिन्यांना, हे तेव्हाच ऐकलं, हसूही आलं.

पहिलं काम: वेदनाशामक बंद. पूर्ण. बाईंनी आधीच बजावलं होतं की दोन ते दहा दिवस दुखणं वाढेल. वाढलं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. मळमळ, घाम, झोप नाही, आणि खणात हात घातला की तळाचा कागद. उरलेल्या गोळ्या ताईकडे होत्या, कुलपात; त्यामागचं दुसरं कारण आम्ही दोघींनी बोलून दाखवलं नाही, पण ती रात्री माझ्या खोलीत गादी टाकून झोपायला लागली. सातव्या दिवशी दुपारी मी हेडफोन काढले तेव्हा लक्षात आलं की कपाळावरचा पट्टा नाहीये. तासभर नव्हता. तो तास मी काही न करता नुसता बसून काढला, हललं तर परत येईल म्हणून.

मानसोपचारतज्ज्ञ वयस्कर होते, मला "बाळ" म्हणायचे. पहिल्या दिवशी राग आला, नंतर नाही. औषध निवडताना ते आणि न्यूरोलॉजिस्ट फोनवर बोलले, आणि ते बोलणं माझ्यासमोर झालं. अमिट्रिप्टिलिन हे जुनं नाव दोघांनी काढलं. डोकेदुखी रोखायला त्याचा लहान डोस पुरतो, 10 ते 25 मिलिग्रॅम, पण तेवढ्याने नैराश्य हटत नाही, आणि मन उचलायला लागतो तेवढा डोस दिला की तोंड कोरडं, झोप, वजन. शिवाय एकदम जास्त घेतलं गेलं तर ते धोक्याचं, म्हणून माझा नववा प्रश्न बघता त्यांनी ते बाजूला ठेवलं. अर्धशिशी रोखणारं दुसरं औषध, टोपिरामेट, तेही मनावर परिणाम करू शकतं म्हणून नको. शेवटी व्हेनलाफॅक्सिन ठरलं. ते सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन दोन्हींवर काम करतं, नैराश्याचं औषध आहेच, आणि अर्धशिशी रोखायलाही वापरतात. साडेसदतीस मिलिग्रॅमपासून सुरू करून 75, मग 150. मधूनमधून रक्तदाब बघायचा.

एक सूचना त्यांनी ताईला समोर बसवून दिली. 25 वर्षांखालच्यांना नैराश्याचं औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2007 मध्ये ही सूचना 18 ते 24 वयालाही लागू केली. "अस्वस्थपणा वाढला, झोप एकदम उडाली, चिडचिड विचित्र वाटली तर वाट बघू नका, फोन करा." दर आठवड्याला मला बोलावलं. मी 24 वर्षं आणि चार महिन्यांची होते. नियम आपल्याला इतका काठावर धरतो तेव्हा गंमत वाटते.

पहिले दहा दिवस पोटात ढवळत राहिलं. मन जिथल्या तिथे. तिसऱ्या आठवड्यात मी ताईला म्हणाले की हे काही लागू पडत नाहीये. ती म्हणाली, "काल तू गुणगुणत होतीस." मला आठवत नव्हतं. औषधाचा परिणाम दिसायला चार-सहा आठवडे जातात असं सांगितलेलं होतंच, पण असं कुणी सांगितलं नव्हतं की तो आधी घरच्यांना दिसतो. आणि डोस चुकवायचा नाही, हे मी एकदाच शिकले: एका शनिवार-रविवारी गोळ्या संपल्या, तर सोमवारी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीकसा चटका बसल्यासारखं होत होतं.

आता रोजनिशीविषयी, कारण खरा धडा मला तिथे मिळाला. बाईंनी दोन रकाने आखून दिले होते. डोकं, शून्य ते दहा. मन, शून्य ते दहा. शेजारी झोपेचे तास, घेतलेली गोळी, पाळीचे दिवस. मागचे दोन महिनेही जमेल तसे भरायला सांगितले, आणि ते आठवत नव्हते म्हणून मी सहकारी मैत्रिणीला पाठवलेले माझेच व्हॉइस मेसेज शोधले. "अगं, डोकं दुखतंय, आज जमत नाही." असे चौदा होते. दुसऱ्यांचे आवाज दिवसभर ऐकणाऱ्या मी स्वतःचा आवाज हेडफोनमधून पहिल्यांदाच ऐकला. सपाट, हळू, शब्दांत चढउतार नाही, वाक्याच्या शेवटी आवाज गळून पडतोय. कुठल्या दिवशी डोकं खरंच फुटत होतं आणि कुठल्या दिवशी मी नुसतं म्हणत होते, ते मला स्वतःलाच ओळखता आलं नाही. नैराश्यात बोलणं असं मंद आणि एकसुरी होतं, हे नंतर समुपदेशकांनी सांगितलं. चौदाच्या चौदा एकाच माणसाचे होते, आणि तिला बरं नव्हतं.

सहा आठवड्यांची रोजनिशी घेऊन मी न्यूरोलॉजिस्टकडे जिंकल्यासारखी गेले. आधी काय, याचं उत्तर सापडलं होतं! अर्धशिशीच्या सातपैकी पाच झटक्यांत आदल्या दिवशी मनाचा आकडा कोसळला होता. म्हणजे मन आधी. बाईंनी कागद उलटा करून बघितला आणि विचारलं, त्या आदल्या दिवशी जांभया होत्या? मान आखडली होती? होत्या. होती. मग म्हणाल्या, झटका तेव्हाच सुरू झालेला होता. ठणका लागण्याच्या काही तास, कधी दिवसभर आधीपासून मेंदूत तो चालू असतो, आणि जांभया, मानेचं आखडणं, चिडचिड, मन उतरणं, ही त्याचीच पहिली लक्षणं. मी ज्याला कारण म्हणत होते तो त्याच झटक्याचा पहिला अंक होता.

मी त्या दिवशी घरी येऊन "आधी काय" हा प्रश्न सोडून दिला. वर्षभर छातीशी धरलेला होता. पटलं म्हणून सोडला असं नाही, थकले म्हणून सोडला. पण एक फायदा झाला: मन एकदम कोसळलं की पूर्वी मला वाटायचं, आलं परत, आता यातून सुटका नाही. आता मी आधी मान वळवून बघते.

समुपदेशकांचं थोडक्यात सांगते, कारण ते काम कंटाळवाणं होतं आणि कंटाळवाणं असणं हीच त्याची खुबी होती. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार. बरा दिवस आला की मी पंधरा दिवसांची कामं एका दिवसात उरकायचे, आणि दुसऱ्या दिवशी झोपून. तो झोका मोडायचा होता. रोज वीस मिनिटं चालणं, डोकं आठवर असेल तरच माफ. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच. आणि डोकं जरा जड झालं की माझ्या मनात जी रांग लागायची, आता चढणार, आता दोन दिवस गेले, आता काम जाणार, ती रांग कागदावर उतरवायची. पहिल्यांदा लिहिली तेव्हा सातव्या ओळीत मी बेघर झाले होते. डोकं तीनवर होतं.

या काळात मिळालेल्या सल्ल्यांबद्दल एकच तक्रार. "टेन्शन घेऊ नकोस, टेन्शनने दुखतं." कपाळाभोवती पट्टा आवळणाऱ्या त्या रोजच्या डोकेदुखीच्या प्रकाराला वैद्यकात टेन्शन-टाइप म्हणतात, म्हणून हा गोंधळ. ते नाव ऐकून प्रत्येकाला वाटतं, रुग्णाने मनावर घेतलं की झालं. ज्याने कुणी ते ठेवलं त्याला माझ्या शाळेतल्या निबंधाचे गुण द्यायला हवेत.

सहा महिन्यांनी: डोकेदुखीचे दिवस महिन्याला सहा-सात. पीएचक्यू-9 वर सहा, नववा प्रश्न शून्य, आणि ते शून्य खोडाखोड न करता. झटक्यासाठी आता वेगळी गोळी आहे, ट्रिप्टान गटातली, आठवड्याला दोनपेक्षा जास्त दिवस नाही, स्ट्रिपवर तारीख लिहून. व्हेनलाफॅक्सिनसोबत ती घेताना अंग थरथरणं, घाम, ताप, गोंधळल्यासारखं होणं असं काही झालं तर लगेच यायचं सांगितलंय. धोका फार कमी आहे, पण लक्षणं ताईलाही पाठ आहेत. औषध किती दिवस, तर मन सावरल्यावरही पुढे निदान सहा महिने, आणि बंद करायचं ते हळूहळू, त्यांच्या सल्ल्याने. मधला एक महिना वाईट गेला, अकरा दिवस दुखलं. दोन्ही रकाने एकदम काळे झाले. मग परत निवळले.

परवा सकाळी रेकॉर्डिंग होतं. मी उठले, चहा घेतला, परत येऊन पलंगाच्या कडेला बसले ती बसूनच राहिले. मोज्याची जोडी हातात. मान वळवून बघितली, मोकळी होती. जांभया नाहीत. उजेड टोचत नव्हता. सहकारी मैत्रिणीचा फोन आला.

"निघालीस का गं?"

"अगं, डोकं..." म्हणाले आणि थांबले. तोंडात ते वाक्य तयारच असतं. "नाही. डोकं ठीक आहे. मन लागत नाहीये आज. कालपासून."

पलीकडे शांतता. दोन सेकंद, सव्वादोन. अशा जागा मी रोज कापून टाकते.

"बरं," ती म्हणाली. "सकाळचं मी बघते. दुपारी तिकडे येऊ का?"